लालपत्तीला भिता आणि शेराचं कुंपण लावता

डिसेंबर लागला की नागपूर-अमरावतीच्या नर्सऱ्यांमधून लाल पानांच्या कुंड्या गावोगावी जातात. नाताळच्या सजावटीतलं हे झाड म्हणजे पॉइनसेटिया, नर्सरीवाल्यांची लालपत्ती. कुंडी ओसरीवर येते न येते तोच मोबाइलवर संदेश येऊन धडकतो : एक पान खाल्लं तर लेकरू दगावतं, कुत्र्या-मांजराला तेवढंही लागत नाही. मग कुंडी थेट उकिरड्यावर. उकिरड्यामागचं कुंपण मात्र शेराचं, म्हणजे पांढऱ्या चिकाच्या हिरव्या काड्यांच्या झुडपाचं असतं, आणि त्याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

या अफवेचं मूळ 1919 सालच्या हवाई बेटांवरच्या एका गोष्टीत आहे. तिथल्या एका लष्करी अधिकाऱ्याचं दोन वर्षांचं मूल हे पान खाऊन मेलं, असं सांगितलं गेलं. ती गोष्ट ऐकीव होती, तिला पुरावा कधीच मिळाला नाही. पण पुस्तकांतून पुस्तकांत उतरत गेली. पुढे अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे 1985 ते 1992 या काळात आलेल्या नोंदी तपासल्या गेल्या. पॉइनसेटियाशी संबंध आलेली 22,793 प्रकरणं निघाली. मृत्यू एकही नाही, आणि 92 टक्क्यांहून अधिक जणांना कसलाही त्रास नाही. उंदरांवरच्या प्रयोगांवरून हिशेब मांडला तर साधारण 23 किलो वजनाच्या मुलाने पाचशेहून अधिक पानं खाल्ली तरी विषबाधा दिसू नये. पान इतकं बेचव असतं की दुसरा घास कोणी घेत नाही. फार तर मळमळ, एखादी उलटी, तोंडाला चुरचुर. कुत्र्या-मांजरांचंही तसंच : लाळ गळते, कधी ओकारी येते, आणि बहुधा आपोआप थांबते.

मग संशय आला कुठून? कुळावरून. पॉइनसेटिया एरंडाच्या कुळातलं, त्यातही शेर आणि थोर यांच्याच प्रजातीतलं, म्हणजे यूफोर्बिया. पान मोडलं की पांढरा चीक येतो. हा चीक रसासारखा झाडात वाहत नसतो. त्याच्या स्वतंत्र, लांबच लांब नळीसारख्या पेशी असतात आणि त्यांत तो दाबाखाली भरलेला असतो. अळीने चावा घेतला की तो उसळून येतो, हवेत घट्ट होतो, अळीचा जबडा चिकटवतो आणि झाडाची जखमही बुजवतो. पहाटे झाडात पाणी भरपूर असतं, म्हणून तेव्हा चीक जास्त येतो. छाटणी दुपारनंतर करावी ती यासाठी.

चिकटपणा ही पहिली फळी. शेराच्या चिकात दुसरीही आहे, फोर्बोल आणि इंजेनॉल या डायटर्पीनांची एस्टरं, म्हणजे दाह करणारी रसायनं. आपल्या पेशीच्या आवरणालगत प्रोटीन कायनेज सी नावाचं विकर (एन्झाइम) असतं. बाहेरून निरोप आला की आवरणातल्या मेदापासून डायअसिलग्लिसरॉल हा छोटा रेणू सुटतो, विकराच्या खाचेत बसतो आणि विकर कामाला लागतं. पेशी तो रेणू लगेच मोडते, काम थांबतं. फोर्बोल एस्टर नेमकं त्याच खाचेत बसतं, पण पेशीला ते सहजी मोडता येत नाही. विहिरीवरच्या मोटारीचं बटण दाबलेलंच अडकून राहावं तसं विकर चालूच राहतं. दाहाचे निरोप सुटत राहतात, रक्तवाहिन्या सैल होतात, सूज चढते, फोड येतात. याला तास लागतात. म्हणून शेराचा चीक डोळ्यात गेल्यावर माणूस धुऊन निवांत बसतो आणि रात्रीतून डोळा लाल होऊन नजर अंधुक होते.

जमालगोट्याच्या तेलात हीच एस्टरं असतात, चंद्रज्योतीच्या म्हणजे मोगली एरंडाच्या बियांतही. शाळेच्या कुंपणावरच्या या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून पोरं खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात पोहोचतात. भाजून खाल्ल्या तरी सुटका नाही, कारण फोर्बोल एस्टर साध्या उष्णतेने मोडत नाही.

पॉइनसेटियाच्या चिकात मात्र ही जहाल एस्टरं आढळत नाहीत, मुख्यतः ट्रायटर्पीनं नावाची वेगळी रसायनं असतात. कुळ तेच, पण दुसरी फळी गायब. एक अपवाद ध्यानात ठेवा : ज्यांना रबरी हातमोज्यांची ॲलर्जी आहे, त्यांना या चिकानेही गांधी उठू शकतात.

मुलाने पान चावलंच तर तोंडातले तुकडे काढा, चूळ भरायला लावा, थोडं पाणी पाजा. मिठाचं पाणी पाजून ओकवू नका, लहान मुलाच्या रक्तात मीठ वाढलं तर ते पानापेक्षा घातक. हाताला लागलेला चीक आधी कोरड्या कापडाने टिपा, मग साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने तो निघत नाही. चीक कोणताही असो, डोळ्यात गेला तर पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्याची धार 15 ते 20 मिनिटं सोडा आणि दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. शनिवारी मारुतीला वाहायची रुईची पानं तोडताना उडालेला चीक तर अनेकदा दुखतही नाही, फक्त धूसर दिसायला लागतं. अशा वेळी डोळ्यात मध, तूप, बाईचं दूध घालणारे आणि फुंकर मारून ‘उतरवणारे’ भेटतातच. त्यांच्याकडे गेलेला वेळ बुबुळाला महागात पडतो.

अंगणातलं खरं विष आहे कण्हेर. तिच्यातलं ओलिअँड्रिन हृदयाच्या पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप अडवतं, ठोके चुकतात, मूठभर पानांत ढोर मरू शकतं. पिवळ्या कण्हेरीच्या बियांचं विषही त्याच जातीचं. माणसाच्या पोटात गेली तर लक्षणांची वाट न पाहता 108 ला फोन करा, ढोरांसाठी 1962 ला. आणि कण्हेर छाटलीत तर फांद्या गोठ्याजवळ टाकू नका. हिरवं पान कडू म्हणून ढोरं सोडतात. वाळलं की कडूपणा कमी होतो, विष तसंच राहतं आणि कडब्यात मिसळलेलं ते पान ढोरं खाऊन टाकतात.