घरगुती हायड्रोपोनिक्स : सोलापूर

मातीऐवजी अन्नद्रव्ये विरघळवलेल्या पाण्यात मुळे ठेवून घरातच कोथिंबीर, पुदिना, सब्जा, पानओवा यांसारख्या वनस्पती वाढवण्याची पद्धत. ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द पाणी आणि श्रम या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून बनला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिके यांनी तो १९३७ मध्ये रूढ केला. घरासाठी सर्वांत सोपी रीत हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ओळखली जाते. तिला मोटर, पंप, वीज यांपैकी काहीच लागत नाही.

सोलापुरात ही पद्धत फसते ती बहुधा खतामुळे नाही, तर पाणी तापल्यामुळे आणि पाणी जड असल्यामुळे. त्यामुळे खालील सर्व तपशील या दोन अडचणी डोळ्यांसमोर ठेवूनच वाचावेत.

पेटी. तेलाचा पत्र्याचा डबा वापरू नये. आम्लधर्मी द्रावणाने तो गंजतो. पारदर्शक बरणीत शेवाळ धरते. थर्मोकोलची झाकणाची पेटी सर्वांत बरी, कारण बाहेरची उष्णता आत शिरायला वेळ लागतो. आतून ४५ सेंमी लांब, ३० सेंमी रुंद व २० सेंमी खोल पेटी घ्यावी. थर्मोकोलमधून उजेड झिरपतो व पाणीही पाझरू शकते, म्हणून आत जाड काळा प्लॅस्टिक कागद अंथरावा. झाकणाला कटरने १५ सेंमी अंतरावर सहा भोके पाडावीत आणि त्यांत ५ सेंमी खोलीचे जाळीदार कप कडेवर अडकवावेत. कप नसतील तर दह्याच्या छोट्या डब्यांना तळाशी व बाजूंनी भोके पाडली तरी चालते. कपात धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरावे. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मीठ असते आणि कोवळी रोपे त्यानेच करपतात.

सोलापुरात सुताला तोटा नाही, त्यामुळे वात लावून पाणी वर खेचण्याची युक्ती अनेकांना सुचते. मात्र सुती वात सतत ओली राहिली की काही आठवड्यांत कुजते. वात हवीच असेल तर नायलॉनची नाडी घ्यावी.

द्रावण. जिल्ह्यात डाळिंब आणि द्राक्ष ठिबकवर होत असल्याने विद्राव्य खते कोणत्याही कृषी केंद्रात मिळतात. दुकानदार बहुधा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद व पालाश यांची टक्केवारी) पुढे करतो. ते इथे उपयोगाचे नाही : त्यातील निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असते. मातीतले जिवाणू युरियाचे रूपांतर करतात, पाण्याच्या पेटीत ते काम नीट होत नाही. शिवाय त्यात कॅल्शियम नसते. त्याऐवजी दोन बाटल्या कराव्यात.

बाटली ‘अ’ : १ लिटर आरओ पाण्यात कॅल्शियम नायट्रेट ६० ग्रॅम आणि १२ टक्के लोह असलेले चिलेटेड (पाण्यात विरघळलेलेच राहील असे बांधलेले) फेरस २ ग्रॅम.
बाटली ‘ब’ : १ लिटर आरओ पाण्यात १३:०:४५ हे खत ३० ग्रॅम, ०:५२:३४ हे खत १५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण १ ग्रॅम.

दर लिटर पाण्याला दोन्हींतून १०-१० मि.लि. घ्यावे, म्हणजे २० लिटरच्या पेटीला २००-२०० मि.लि. आधी ‘अ’ पाण्यात पूर्ण ढवळून मगच ‘ब’ ओतावे. दोन्ही घट्ट द्रावणे थेट एकत्र केली तर कॅल्शियमची सल्फेट व फॉस्फेटशी गाठ पडून पांढरा गाळ तळाशी बसतो आणि ते अन्न मुळांना मिळत नाही. दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा लागतो. चमच्याने मोजणे म्हणजे अंदाजपंचे काम.

जड पाणी. दख्खनच्या बेसाल्टमधून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतात. पातेल्यात साचणारा पांढरा थर त्यांच्यामुळेच. अशा पाण्यात सामू, म्हणजे पीएच, सतत वर सरकतो आणि सातच्या पुढे लोह मुळांना घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या, असे दिसले की खत वाढवण्याआधी सामू तपासावा. तो ५.५ ते ६.५ हवा. पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, ३०० पीपीएमच्या वर असेल तर निम्मे आरओचे पाणी मिसळावे. आरओचे वाया जाणारे पाणी मात्र मुळीच नाही, त्यात क्षार एकवटलेले असतात. निव्वळ आरओ पाण्यात वरील प्रमाणाने टीडीएस मीटर साधारण ६५० दाखवतो. सामू उतरवायला लिंबूसत्त्व चालते, पण जिवाणू ते खातात आणि एक-दोन दिवसांत सामू पुन्हा चढतो. फॉस्फोरिक ॲसिड टिकते. १० मि.लि. ॲसिड १ लिटर पाण्यात सोडून (पाणी ॲसिडमध्ये नव्हे), हातमोजे घालून, थोडे थोडे वापरावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे.

पातळी. सुरुवातीला द्रावण कपाच्या तळाला जेमतेम टेकावे. रोप पाणी पिते तशी पातळी उतरते आणि मधल्या पोकळीत हवेतली मुळे फुटतात. क्रॅटकी पद्धतीचे सारे इंगित यातच आहे. पेटी रिकामी दिसली म्हणून पुन्हा काठोकाठ भरणे ही हमखास होणारी चूक. हवेतली मुळे बुडतात, रोप पाण्यात उभे असूनही कोमेजते. तळाशी ५ सेंमी उरले की निम्म्या खोलीपर्यंतच भरावे, आणि तेही निम्म्या तीव्रतेच्या द्रावणाने, कारण बाष्पीभवनात पाणी जाते, क्षार मागे राहतात.

उष्णता. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. मुळांची गरज मात्र उष्णतेबरोबर वाढते. त्यात पिथियम हा बुरशीसदृश रोगजंतू शिरला की पांढरी मुळे तपकिरी, बुळबुळीत होतात आणि वास मारतात. अशी पेटी रिकामी करून धुवावी. औषध शोधत बसू नये. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपलीकडे जातो तेव्हा पेटीभोवती ओले गोणपाट गुंडाळावे. हवा कोरडी असल्याने कूलरप्रमाणेच हे काम करते. पावसाळ्यात त्याचा फारसा उपयोग नाही. मत्स्यपेटीचा छोटा हवापंप लावल्यास तो पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे पंपात उतरते.

काय, केव्हा. कोथिंबिरीसाठी दसऱ्यापासून संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंतचा काळ उत्तम. धणे रगडून दोन फोडी कराव्यात, बारा तास भिजवावेत. उगवण सात-दहा दिवसांत होते, कापणी चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. उन्हाळ्यात ती नीट उगवत नाही, उगवली तर लवकर तुऱ्यावर येते. सब्जाला ऊब मानवते. पुदिन्याला बी नको : लक्ष्मी मार्केटातून आणलेल्या जुडीतल्या दहा सेंमीच्या काड्या खालची पाने काढून पाण्यात ठेवल्या की आठवड्या-दीड आठवड्यात मुळे फुटतात. नुसती स्वस्त कोथिंबीर हवी असेल तर मात्र जुडीच परवडते.

उजेड. दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात पुरते. शहर १७.७ उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. त्या काळात पेटी उत्तरेच्या खिडकीत हलवता येते. खिडकी नसेल तर २० वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी पट्ट्या १५ ते २० सेंमी उंचीवर चौदा तास लावाव्यात; महिन्याला साधारण १७ युनिट जातात. कोथिंबिरीला बारा तासच द्यावेत, दिवस लांबला की ती फुलावर येते.

डास आणि उरलेले पाणी. नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने घरात साठवण असतेच, त्यात ही आणखी एक. कप आणि झाकण यांच्यातली फट बारीक जाळीने बंद करावी आणि रिकामी भोके बुचाने. पीक संपल्यावर उरलेले द्रावण तेवढेच पाणी घालून कुंड्यांना द्यावे, आणि पेटी पुन्हा भरण्याआधी घासून उन्हात वाळवावी.