चुंबकाला चिकटलं म्हणून खोटं?

दहा रुपयांचं नाणं नाकारणारे दुकानदार अजूनही भेटतात. व्हॉट्सअ‍ॅपवर कधीतरी फिरलं होतं की दहा रेघांचं नाणं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं. रिझर्व्ह बँकेने 17 जानेवारी 2018 रोजी पत्रक काढून सांगितलं, की तोवर निघालेले सर्व 14 प्रकार वैध आहेत. पण अफवा पसरवणारे पत्रकं वाचत नाहीत. दुसरी लाडकी चाचणी चुंबकाची: चिकटलं की खोटं. आपली पोलादी एक-दोन रुपयांची नाणी खरी असूनच चिकटतात, कारण त्यांत 83 टक्के लोखंड आणि 17 टक्के क्रोमियम असतं. पाचाचं पितळी नाणं मात्र चिकटत नाही. म्हणजे चुंबक धातू सांगतो, खरेखोटेपणा नाही.

ब्रिटनमध्ये नेमकं उलटं घडलं. तिथला 1983 साली आलेला गोल पाउंड लोक बिनदिक्कत घेत-देत होते, आणि 2014 च्या सुमारास टांकसाळीच्याच अंदाजानुसार दर 30 नाण्यांमागे जवळपास एक खोटं होतं. ओळखायच्या खुणा होत्या: छाप आणि काटा यांची दिशा जुळत नसे, कडेवरची अक्षरं पुसट असत, कधी सालाशी चित्रच विसंगत असे. पण सुट्टे पैसे घेताना कड कोण वाचतं?

नाण्यांवर चालणाऱ्या यंत्राला मात्र डोळे लागत नाहीत. नाणं खाचेतून घरंगळतं तेव्हा ते तारेच्या वेटोळ्याजवळून जातं. वेटोळ्यातून प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारा प्रवाह वाहत असतो, म्हणून भोवतालचं चुंबकीय क्षेत्र सतत बदलतं. शाळेतला फॅरेडेचा नियम आठवा: बदलत्या क्षेत्रात ठेवलेल्या धातूत वीज निर्माण होते. नाण्याच्या अंगात गोल गोल फिरणारे भोवरा प्रवाह उठतात, त्यांचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते मूळ क्षेत्राला विरोध करतं. त्यामुळे वेटोळ्यातला प्रवाह किंचित बदलतो. तो बदल हीच नाण्याची ओळख.

बदल किती, हे ठरतं मुख्यतः आकारावर आणि विद्युत वाहकतेवर. आणि वाहकता मिश्रधातूच्या बाबतीत फार हळवी असते. तांब्यात 25 टक्के निकेल मिसळलं, की वाहकता शुद्ध तांब्याच्या जेमतेम 5 टक्के उरते, कारण परके अणू इलेक्ट्रॉनांना जागोजागी विखुरतात. गोल पाउंडात 70 टक्के तांबं, 24.5 टक्के जस्त आणि 5.5 टक्के निकेल होतं. रंग जुळवण्यापुरतं साधं पितळ वापरलं तर डोळा फसतो, वेटोळं सहसा फसत नाही.

खरी गंमत पुढे आहे. भोवरा प्रवाह पृष्ठभागापासून किती खोल जातात, ते वारंवारतेच्या (म्हणजे वेटोळ्यातला प्रवाह किती झपाट्याने दिशा बदलतो त्याच्या) वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतं. तांब्यात 10 किलोहर्ट्झला ही खोली सुमारे 0.65 मिलिमीटर भरते आणि 1 मेगाहर्ट्झला त्याच्या दशांश. वाहकता कमी असेल तर खोली वाढते, पुन्हा वर्गमुळाच्याच व्यस्त प्रमाणात. म्हणून चांगली यंत्रं एकापेक्षा जास्त वारंवारता वापरतात. उंच वारंवारता कातडी तपासते, खालची आतला गाभा. वरून मुलामा दिलेलं शिसं पहिल्या तपासणीत निभावलं तरी दुसऱ्या तपासणीत सापडू शकतं.

युरो नाण्यांत याचाच फायदा घेतला आहे. दोन युरोच्या मधल्या चकतीत निकेल-पितळाच्या दोन थरांमध्ये शुद्ध निकेलचा थर असतो. निकेल चुंबकाला ओढलं जातं, म्हणून मधला भाग हलकेच चिकटतो आणि बाहेरचं कडं चिकटत नाही. इथे चुंबक खरोखर उपयोगी पडतो, कारण खरं नाणं कसं वागतं ते आधी ठाऊक आहे.

ब्रिटनने शेवटी नाणंच बदललं. 28 मार्च 2017 ला बारा बाजूंचं, दोन धातूंचं नवं पाउंड आलं आणि 15 ऑक्टोबरला जुनं चलनातून गेलं. मधल्या महिन्यांत पार्किंग मीटरपासून ट्रॉल्यांच्या कुलपांपर्यंत नाण्यांवर चालणारी असंख्य यंत्रं बदलावी लागली. नव्या नाण्याचा आकार आणि वाहकता त्यांना ठाऊक नसल्यामुळे, खऱ्याखुऱ्या नव्या पाउंडालाही ती खोटंच समजली असती.