छोटा मकाव पाळणं (नागपूर)

छोटा मकाव म्हणजे मकाव घराण्यातलेच पण अंगानं लहान असलेले पोपट, आणि पाळणारे लोक नुसतं 'मिनी मकाव' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्या डोक्यात हान्स मकाव असतो. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण 30 सेंमी, वजन दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम. आपल्या झाडावरच्या मिठ्ठूपेक्षा हा लांबीला कमीच भरतो कारण मिठ्ठूची अर्धी लांबी शेपटीतच जाते, पण वजनाला थोडा जास्त, आणि चोच बघितली की फरक लगेच कळतो. नागपुरात कोणाकडे पहिल्यांदा हा पक्षी पाहिला की लोक म्हणतात, 'हा तं कॉन्युरच वाटून राहिला.' कॉन्युर म्हणजे पाळीव लहान पोपटांचा वेगळा प्रकार, हा तो नाही. डोळ्याभोवती आणि गालावर पिसं नसलेली पांढरी कातडी दिसली की तो मकाव, ही सोपी खूण.

मूळ हा दक्षिण अमेरिकेतला: व्हेनेझुएला, गयाना, सुरिनाम, ब्राझील, बोलिव्हिया, पेरूचा काही भाग. दाट जंगलात कमी, ताडासारख्या झाडांच्या मोकळ्या माळरानावर जास्त, आणि घरटंही पुष्कळदा ताडाच्याच ढोलीत. लिनियसनं 1758 मध्ये याची नोंद केली आणि नावात 'नोबिलिस' म्हणजे खानदानी हा शब्द घातला, तर 'हान्स' हे कार्ल विल्हेल्म हान या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाच्या नावावरून आलं. एकूण तीन उपप्रकार. उत्तरेकडचा तो हान्स, त्याची चोच काळी. बाकीचे नोबल, त्यांची वरची चोच फिकट, हाडाच्या रंगाची. अंग हिरवं, कपाळावर निळसर झाक, आणि पंख उघडले की खांद्यापाशी लाल. पिल्लांच्या खांद्याला हा लाल रंग नसतो आणि त्यांचे डोळे काळपट असतात, मोठे होता होता ते नारिंगी होत जातात, त्यामुळे कोणी 'दोन वर्षांचा आहे' म्हणून पक्षी दाखवला तर आधी डोळे आणि खांदा बघावा. नर-मादी दिसायला सारखेच, डीएनए टेस्टशिवाय सांगता येत नाही आणि जो नुसतं बघून छातीठोक सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

छोट्या मकावमध्ये अजून तिघं-चौघं मोडतात. गोल्डन कॉलर मकाव, साधारण 38 सेंमी, मानेमागं पिवळी पट्टी. सिव्हियर मकाव 46 सेंमीच्या आसपास, तो 'मिनी' म्हणण्याइतका मिनी नाहीच. इलिगर मकाव दिसायला फार सुंदर पण तो साइट्स (रानटी प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण. पुढं जे लिहिलंय ते मुख्यतः हान्सबद्दल, कारण घराघरात येतो तो हाच.

लहान म्हणजे किती लहान

अंग लहान एवढंच. आयुष्य 20-30 वर्षांचं, चोच भुईमुगाची शेंग काय, दरवाज्याची पट्टी पण सोलून काढणारी, आणि आवाज मोठ्या मकावइतका खोल नसला तरी टोकदार. सकाळी उजाडताना आणि दिवेलागणीला हा ओरडणारच, जंगलात थवा एकमेकांना हाक मारतो तेच तो घरात करतो, फक्त इथं थवा म्हणजे तुम्ही. धरमपेठेत किंवा मनीषनगरात फ्लॅटमध्ये राहत असाल तर बाजूच्या घरी लहान बाळ आहे का, कोणी आजारी आहे का हे पक्षी आणायच्या आधी बघायला पाहिजे. ओरडण्यावर उलटं ओरडणं हा सगळ्यात वाईट उपाय, त्याला वाटतं थव्यानं उत्तर दिलं. त्यापेक्षा तो हळू आवाजात काही बोलला की लगेच उत्तर द्यायचं, दुसऱ्या खोलीतून ठराविक शिट्टी वाजवायची, मग हळूहळू तो तीच शिट्टी उचलतो.

बोलतो चांगला. शब्द घरातलेच उचलतो, त्यामुळं नागपुरी घरातला मकाव 'काय करून राहिला' असंच म्हणणार, आणि कुकरची शिट्टी, डोअरबेल, कुलर चालू व्हायचा आवाज हे पण. पोपटाला आवाज काढायला आपल्यासारखा गळा लागत नाही, श्वासनळीच्या तळाशी त्याचा वेगळा अवयव असतो आणि जीभ जाड असल्यानं तो आवाज घडवता येतो.

वयात येताना, दोन-तीन वर्षांच्या सुमारास, कालपर्यंत मांडीवर लोळणारा पक्षी अचानक चावायला लागतो. इथं पुष्कळ लोक हार मानतात आणि पक्षी विकायला काढतात, हे बघून फार वाईट वाटतं, कारण हा काळ निघून जातो. पिसं फुगली, डोळ्यांच्या बाहुल्या भराभर लहान-मोठ्या व्हायला लागल्या की हात मागं घ्यायचा, दहा मिनिटांनी परत बोलायचं. मारणं, चोचीवर टिचकी देणं, पिंजऱ्यावर कापड टाकून शिक्षा करणं यातलं काहीच त्याला कळत नाही, फक्त तुमच्या हाताची भीती बसते.

नागपूरचा उन्हाळा

खरी परीक्षा इथं. मे महिन्यात नागपूर 45 च्या वर जातं, 23 मे 2013 ला तर 47.9 अंश नोंदलं गेलं. आता पक्ष्याच्या शरीराचंच तापमान 41 च्या आसपास असतं आणि त्याला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकत ओल वाफवणं हाच त्याचा मुख्य मार्ग. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की अंगातली उष्णता हवेत सोडता येत नाही, उलट हवाच अंगाला तापवते. म्हणून नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गॅलरीत पिंजरा ठेवणं म्हणजे पक्षी मारणं आहे, गॅलरीला ग्रीन नेट लावलं असलं तरी. 'अमेरिकेच्या गरम भागातला पक्षी आहे, सहन करेल' असं विकणारे सांगतात पण तिथं झाडाची सावली असते, ओल असते आणि पक्षी स्वतः जागा बदलू शकतो, पिंजऱ्यात तो काय बदलणार.

उन्हाळ्यात पिंजरा घराच्या आतल्या खोलीत, स्लॅबच्या खालच्या टॉप फ्लोअरला राहत असाल तर उत्तरेकडच्या किंवा पूर्वेकडच्या खोलीत. कुलर इथं खरंच देवासारखा आहे, कारण मे मधली हवा कोरडी असते आणि कोरड्या हवेतच कुलर चांगला चालतो, वर थोडी ओल पण मिळते. पण झोत सरळ अंगावर नको. आणि एक गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे कुलरच्या ताट्या, बाजूंना लावलेल्या गवताच्या जाळ्या. मागच्या वर्षीच्या ताट्या पाणी टाकून तशाच चालू केल्या की जो कुबट वास येतो तो बुरशीचा, आणि पोपटांना बुरशीचा फुप्फुसाचा आजार, अॅस्परजिलोसिस, चटकन होतो आणि बरा करणं फार अवघड. दर वर्षी नव्या ताट्या, टाकीचं पाणी दोन-तीन दिवसांनी बदलायचं, आणि पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की कुलर बंद. पावसाळ्यात सीड मिक्सला पण बुरशी लागते, शेंगदाण्यावर तर सगळ्यात आधी, आणि त्या बुरशीचं विष लिव्हरवर जातं. म्हणून मोठं पोतं स्वस्त पडतं म्हणून घेऊ नये.

पंख अंगापासून दूर धरलेत, चोच उघडी, धाप लागली, अशी लक्षणं दिसली की पाय आणि पंखाखालचा भाग साध्या पाण्यानं ओला करायचा, बर्फाचं पाणी नको, थंड खोलीत न्यायचं आणि स्वतः पीत असेल तरच पाणी, जबरदस्तीनं चोचीत ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं. मग डॉक्टर. लाइट गेली तर काय करायचं हे मार्चमध्येच ठरवून ठेवलेलं बरं, इन्व्हर्टरवर पंखा चालतो, कुलरचं आधी तपासावं. रोज सकाळी अंघोळीला उथळ भांडं किंवा स्प्रे बॉटल, हान्सला पाणी फार आवडतं, पालकाची ओली जुडी दिली तर तिच्यावर लोळून घेतो.

हिवाळ्यात उलटी काळजी. रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा तीन बाजूंनी जाड चादर पुरते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये, तो धूर माणसालाही मारतो आणि पक्ष्याला आधी.

खाणं

नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेला मकाव दिसायला दोन-तीन वर्षं ठणठणीत दिसतो आणि मग एकदम कोसळतो, कारण आत चरबी चढलेली आणि जीवनसत्त्व अ कमी. अर्ध्याहून जास्त पेलेट (पोपटांसाठीचं तयार दाणेदार खाद्य), बाकी भाजी, मोड आलेले मूग-मटकी, थोडं फळ, बिया बक्षीस म्हणून. आपल्याकडचं कोहळं (ज्याला पुण्याकडं लाल भोपळा म्हणतात), गाजर, शेवग्याचा पाला, मेथी, मक्याचं कोवळं कणीस, तुरीच्या ओल्या शेंगा, हे सगळं उत्तम. संत्र्याच्या दोन फोडी बिया काढून. सीताफळाचा गर चालतो पण बी विषारी, एकही राहू देऊ नये. तिखट तर पोपट आवडीनं खातात, मिरचीतल्या ज्या द्रव्यानं आपलं तोंड भाजतं ते पक्ष्यांना जाणवतच नाही, त्यामुळं भिवापुरी मिरची हा कुरकुर करत बियांसकट फस्त करतो आणि आपण बघत राहतो.

पण मिरची चालते म्हणून तर्री-पोहे चालतात असं नाही. त्यातलं मीठ, तेल आणि कांदा तिन्ही वाईट. चिवडा, बिस्कीट, चहा, चॉकलेट बंद. अॅव्होकॅडो आता मॉलमध्ये मिळायला लागलंय, ते पोपटाला जीवघेणं आहे, थोडंसं पण नाही. कॅल्शियमसाठी समुद्रफेस पिंजऱ्यात अडकवून ठेवायचा, मादी असेल तर विशेष, कारण एकटी मादीसुद्धा अंडी देते आणि कॅल्शियम कमी पडलं की अंडं अडकतं.

स्वयंपाकघरात पिंजरा नको. सावजी मसाल्याचा ठसका तर आहेच, पण त्याहून भयंकर म्हणजे नॉनस्टिक भांडं. रिकामा नॉनस्टिक तवा गॅसवर जास्त तापला की लेपातून जी वाफ निघते तिला वास नसतो, आपल्याला बहुतेक वेळा काही जाणवतही नाही आणि पक्षी काही मिनिटांत खाली पडलेला सापडतो. पक्ष्यांची फुप्फुसं हवेच्या पिशव्यांना जोडलेली असतात, हवेतलं जे काही असेल ते त्यांच्या रक्तात आपल्यापेक्षा फार लवकर उतरतं. मच्छर अगरबत्ती, धूप, रूम फ्रेशनर, पेंटचा वास, सगळ्याला हाच नियम. घरात मकाव असेल तर लोखंडी तवा वापरावा असं माझं स्पष्ट मत आहे.

पिंजरा आणि दिवस

निदान दोन फूट बाय दोन फूट आणि अडीच फूट उंच, गजांमध्ये अर्धा ते पाऊण इंच अंतर. जस्त चढवलेल्या स्वस्त जाळीचा पिंजरा नको, चोचीनं जस्त खरवडून पोटात जातं आणि विषबाधा होते. बसायला पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या फांद्या, जाडी कमी-जास्त असलेल्या, एकाच मापाच्या गुळगुळीत दांड्यावर बसून बसून तळव्याला फोड येतात. खेळायला करवंटी, पुठ्ठ्याचा डबा, दाणे काढलेलं कणीस. पण पिंजरा ही झोपायची जागा, दिवसातले तीन-चार तास तो बाहेर आणि माणसात पाहिजे, रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता. ज्या घरात सगळे सकाळी नऊला बाहेर पडतात ते रात्री आठला येतात तिथं एकटा मकाव आणू नये, तो पिसं उपटायला लागतो आणि एकदा ती सवय लागली की सुटता सुटत नाही.

पिल्लू घेताना हातानं भरवायचं राहिलेलं, चार-पाच आठवड्यांचं, 'तुम्हीच भरवा म्हणजे तुम्हाला आईच समजेल' असं सांगून देतात. हे खोटं आहे. फॉर्म्युला (पिल्लाला भरवायची पातळ पेज) जास्त गरम झाला की गळ्याची पिशवी भाजते, थंड झाला की आतच आंबतो, आणि शिकाऊ हातात पिल्लं मरतात. जंगलातही पिल्लू घरट्याबाहेर पडायला जवळपास दोन महिने घेतं. स्वतःहून खाणारं पिल्लू घ्यावं, तेही तितकाच जीव लावतं.

आजारी पक्षी शेवटपर्यंत आजार लपवतो, म्हणून किचनचा ग्रॅमवाला वजनकाटा घ्या आणि ठराविक वेळी वजन लिहून ठेवा, दहा टक्के उतरलं तर वाट बघायची नाही. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 1958 पासूनचं, पण पोपटांवर नेहमी काम करणारा डॉक्टर कोणता हे पक्षी ठीक असतानाच शोधून ठेवावं. पोपटांचा सिटाकोसिस हा आजार माणसालाही होतो, पक्षी ठेवणाऱ्याला ताप-खोकला लांबला तर डॉक्टरला 'घरी पोपट आहे' हे सांगायला विसरू नये.

कायदा

आपला देशी मिठ्ठू पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली गुन्हा आहे, नागपुरात अजूनही कितीतरी वाड्यांमध्ये तो दिसतो तरी. हान्स परदेशी, म्हणून पाळता येतो, पण साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळं मोकळीक नाही. कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, तिनं साइट्सवाल्या प्राण्यांची वेगळी अनुसूची चार केली, आणि 28 फेब्रुवारी 2024 च्या नियमांनी अशा जिवंत प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली. बजरी आणि कॉकटील हे लहान पाळीव पोपट साइट्सच्या यादीत नाहीत, त्यामुळं त्यांच्याशी तुलना करून 'कागद लागत नाही' म्हणणाऱ्याकडून मकाव घेऊ नये. राज्याच्या वन खात्याचं मुख्यालय नागपुरातच, सिव्हिल लाइन्सच्या वन भवनात आहे, शंका असेल तर विचारायला लांब जावं लागत नाही.

उडून गेला तर

हे होतंच. दिवाळीच्या फटाक्यांनी, मारबतीच्या मिरवणुकीतल्या आवाजानं, किंवा नुसतं कोणी दार उघडं टाकलं म्हणून. संक्रांतीच्या आगेमागे तर जीव टांगणीला लागतो कारण सगळं आभाळ मांजानं भरलेलं असतं आणि नायलॉन मांजा पंख कापून टाकतो. शिवाय शिक्रा आणि कावळे. पाळलेला मकाव उंच झाडावर चढतो सहज पण खाली उतरायचं त्याला येत नाही, सवयच नसते, त्यामुळं तो बहुतेक वेळा पहिल्या दिवशी जवळपासच कुठंतरी बसलेला असतो. झाडाखाली गर्दी करायची नाही, पाण्याचा पाइप मारायचा नाही, बांबू तर नाहीच. त्याच्या ओळखीचा पिंजरा गच्चीवर उघडा ठेवायचा, त्याचं आवडतं खाणं त्याला दिसेल असं धरायचं, एकाच माणसानं तीच रोजची शिट्टी वाजवत राहायचं. अंधार पडला की तो हलत नाही, ती जागा नीट बघून ठेवायची, आणि उजाडायच्या आधी परत तिथं जाऊन उभं राहायचं, कारण पहिली हाक तो उजाडताना मारतो.