होडीची ट्रोलिंग मोटार: बॅटरी जोडण्यापूर्वी वाचावे

गंगापूर, दारणा किंवा मुकणे धरणात मासेमारीसाठी होडी उतरवणारे आमचे ग्राहक बहुधा एकच तक्रार घेऊन दुकानात येतात: ट्रोलिंग मोटार (होडी संथपणे ओढणारी, बॅटरीवर चालणारी मोटार) पहिल्या हंगामात चांगली ओढत होती, आता तिच्यात जोर राहिला नाही. मोटार उघडून पाहिली, तर ती बहुतेक वेळा ठणठणीत निघते. दोष सापडतो तो बॅटरीपासून मोटारीपर्यंतच्या तारेत आणि त्या तारेच्या टोकांना केलेल्या जोडांत. म्हणून या पत्रकात मोटारीपेक्षा तारेविषयी अधिक लिहिले आहे.

घरातल्या वायरिंगचा अंदाज होडीवर चालत नाही. दीड टनाचा एसी २३० व्होल्टवर साधारण सात-आठ अँपिअर घेतो आणि त्याला ४ चौरस मिलिमीटरची तार पुरते. ५५ पौंड ओढीची १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटार मात्र पूर्ण वेगाला सुमारे ५० अँपिअर घेते. समजा, मोटार नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर आहे, बॅटरी मागच्या फळीखाली आहे आणि मधले अंतर ४ मीटर आहे. वीज जाऊन परत येते, म्हणून हिशेबात ८ मीटर तार धरावी लागते. ही तार ६ चौरस मिलिमीटरची असेल, तर वाटेतच जवळजवळ १.३ व्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे ६५ वॅट उष्णता नुसती तार तापवण्यात जाते. १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच घट सुमारे अर्धा व्होल्ट होते आणि २५ च्या तारेत ०.३ व्होल्ट. आम्ही ३ मीटर अंतरापर्यंत १६ ची आणि त्यापुढे २५ ची तार देतो. तार बारीक केसांची, लवचीक आणि शुद्ध तांब्याची असावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते आणि दिसायलाही तशीच असते, पण तिचे टोक ब्लेडने खरवडले की आतला पांढरेपणा उघडा पडतो.

जोडाचे महत्त्व सांगण्यासाठी एक तुकडा आम्ही काउंटरवर ठेवला आहे. त्याचा लग (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) तो दाबायच्या क्रिंपिंग टूलऐवजी हातोडीने चेपलेला आहे आणि वरून काळी टेप गुंडाळलेली आहे. टेप सोडवली तेव्हा लगाच्या तोंडाशी हिरवी भुकटी होती, आणि आवरण चिरत गेलो तर वीतभर आतपर्यंत तांबे काळे पडलेले होते. टेप पाणी अडवत नाही, उलट धरून ठेवते. लग योग्य मापाच्या टूलने दाबावा, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आकसून घट्ट बसणारी नळी) चढवावी आणि बोल्ट आवळल्यानंतर टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा.

दोष कुठे आहे हे मल्टिमीटरने पाच मिनिटांत कळते. होडी पाण्यात बांधून मोटार पूर्ण वेगात चालवावी आणि आधी बॅटरीच्या टर्मिनलवर, मग मोटारीच्या प्लगपाशी व्होल्टेज मोजावे. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा फार फरक आला, तर तार किंवा जोड बदलावा लागेल. मोटार खोलू नये. मोटार बंद ठेवून केलेल्या मोजणीला काही अर्थ नसतो, कारण विजेचा प्रवाह नसताना कुजलेला जोडसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो.

बॅटरीच्या धन टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत ब्रेकर (प्रवाह जास्त झाला की आपोआप तुटणारा स्विच) हवाच. वरील मोटारीला ६० अँपिअरचा लागतो. घरातल्या एसी विजेचा (म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या प्रवाहाचा) ब्रेकर, म्हणजे एमसीबी, येथे वापरू नये. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ब्रेकर उघडताना पडणारी ठिणगी विझते. बॅटरीच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाची ठिणगी तशी आपोआप विझत नाही. ब्रेकरवर डीसी आणि आपल्या बॅटरीइतके तरी व्होल्टेज लिहिलेले आहे याची खात्री करावी.

मोटारगाडीची बॅटरी या कामाची नाही, कारण ती गाडी सुरू करताना क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी खोलवर उतरवता येते खरी, पण ती उंच व जड असते आणि होडी हेलकावली की झाकणांतून आम्ल सांडते. गंगापूरचे पाणी नाशिककरांच्या नळाला येते, हेही ध्यानात असावे. सीलबंद डीप सायकल बॅटरी (वारंवार खोलवर उतरवण्यासाठी बनवलेली) किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट हे पर्याय बरे. शिसे-आम्लाची १०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे अँपिअर गुणिले तास) बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये. म्हणजे हाताशी साधारण ५० एएच राहतात, ते पूर्ण वेगात तासभरही पुरत नाहीत, पण १५ अँपिअरच्या संथ चालीला तीन तासांच्या आसपास चालतात.

२४ व्होल्टच्या मोटारीसाठी दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडाव्यात: पहिलीचे धन टर्मिनल दुसरीच्या ऋण टर्मिनलला, तेही मुख्य तारेइतक्याच जाड तुकड्याने. दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. लिथियम बॅटरी सिरीजमध्ये चालेल का, हे तिच्या बीएमएसवर (बॅटरीचे रक्षण करणाऱ्या आतल्या सर्किटवर) अवलंबून असते, ते विकत घेतानाच विचारावे. मासे शोधण्याचे यंत्र यांपैकी एकाच बॅटरीवर जोडण्याचा मोह होतो; तसे केल्यास ती बॅटरी दुसरीपेक्षा जास्त उतरते आणि जोडी बिघडते. त्या यंत्राला ७ एएचची छोटी वेगळी बॅटरी द्यावी, म्हणजे मोटारीमुळे पडद्यावर उठणाऱ्या रेघाही कमी होतात.

चार्जिंग घरी आल्यावर त्याच दिवशी, हवेशीर जागेत करावे. शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते.

मापाची तार घेण्यासाठी येताना बॅटरीपासून मोटारीपर्यंतचे अंतर सुतळीने मोजून आणावे, मात्र सरळ रेषेत नव्हे, तर होडीच्या ज्या कडेने तार जाणार आहे त्या कडेने.