वांग्याच्या भरताचा काय दोष?

"चाळीस वर्षं भरीत खाल्लं, तेही कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं. त्या कपाशीवर औषध मीच मारायचो. आता दोष वांग्याला देऊ, काडीला देऊ का मला?" सलाइनची बाटली संपायची वाट बघत पडलेला जळगावकडचा शेतकरी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला असलं काहीतरी सांगतो आणि दोघंही हसतात. शेजारचा रावेरचा असला तर तो केळीवर घेतो, धुळ्याचा असला तर शेवभाजीच्या तर्रीवर. तापीचं पाणी, दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी, गावातला मोबाइलचा टॉवर यांचाही नंबर लागतो. आणि डॉक्टरांनी 'ताण घेऊ नका' म्हणून बजावलं की अमळनेरकडची एखादी बाई पदर तोंडाला लावून म्हणते, "ताण बाहेर बाकड्यावर बसलेत, डबा घेऊन."

कॅन्सरच्या वॉर्डात थोडा वेळ कान देऊन बसलं की या जातीचे विनोद ऐकू येतात. त्यातले बरेचसे आजाराच्या कारणाबद्दल असतात. मरणावर विनोद करणारे कमी. 'कसामुये व्हयनं?' म्हणजे 'कशामुळे झालं?' हा प्रश्न रात्री झोप लागू देत नाही, आणि दिवसा तोच प्रश्न गमतीचे कपडे घालून बाहेर येतो.

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला पडतो. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ शेली टेलर यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला स्तनाचा कॅन्सर झालेल्या 78 बायकांशी सविस्तर बोलून हे पाहिलं होतं. त्यातल्या 95 टक्के बायकांकडे आपल्या आजाराचं काही ना काही कारण तयार होतं. सगळ्यात जास्त, म्हणजे 41 टक्के, ताणाला दोष देणाऱ्या. मग एखादं रसायन किंवा गोळी, मग घराण्यातून आलेलं, मग खाणंपिणं. 10 टक्के बायकांना वाटत होतं की छातीला कधीतरी मार लागला होता, त्यातून हे झालं. एकीला खेळताना प्लास्टिकची उडती थाळी लागली होती, तिनं त्या थाळीला धरलं. आपल्याकडे थाळीऐवजी म्हशीचं शिंग असतं, नाहीतर धुण्याचा दगड. मार लागल्यानं कॅन्सर होत नाही. मार लागला की माणूस तिथं हात लावून बघतो आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा हाताला लागते.

ताणाचंही तसंच. युरोपात 1 लाख 16 हजारांहून अधिक नोकरदारांच्या नोंदी एकत्र करून 2013मध्ये तपासल्या, तेव्हा कामाचा ताण आणि कॅन्सर यांचा संबंध दिसला नाही. म्हणजे बाकड्यावर डबा घेऊन बसलेले गृहस्थ निदान या आरोपातून सुटले.

टेलर यांच्या कामातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढेच आहे. कोणत्या कारणावर विश्वास ठेवला यानं बायकांच्या सावरण्यात फारसा फरक पडत नव्हता. ताण म्हणा, गोळ्या म्हणा, आई-आजी म्हणा, सगळं सारखंच. फक्त ज्या बायका दुसऱ्या माणसाला मनापासून दोषी धरत होत्या, त्या कमी सावरल्या होत्या. आता अमळनेरच्या बाईचं वाक्य पुन्हा वाचा. तिनं नवऱ्यावर आरोप ठेवला आणि हसून त्याच दमात मागेही घेतला. बोलायचं ते बोलून झालं, कडवटपणा मात्र साठला नाही. तो डबा घेऊन बसलेला माणूससुद्धा हसला असणार.

भेटायला येणाऱ्यांचा प्रश्न वेगळ्या ठिकाणाहून येतो. गावाकडून चार माणसं येतात, नारळपाणी ठेवतात, आणि हळू आवाजात विचारतात, "तंबाखू तर खात नव्हते ना?" कुणी कानबाई देवीच्या रोटांत, म्हणजे नैवेद्यात, काही चुकलं होतं का म्हणतं, कुणी नजर काढायला सांगतं. मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञानं 1960च्या दशकात या स्वभावावर प्रयोग सुरू केले. जग न्यायानं चालतं, ज्याचं त्याला मिळतं, असं आपल्याला मानायचं असतं. म्हणून दुसऱ्याचं दुःख दिसलं की आपण त्यात त्याची चूक शोधतो. चूक सापडली की हायसं वाटतं, कारण ती चूक आपण केलेली नसते. अशा चौकशीला रोग्यानं खरं उत्तर दिलं तरी तो हरतो, नाही दिलं तरी हरतो. "भरीत खाल्लं म्हणून झालं, तुम्हीही जपा," असं म्हटलं की पाहुणा गप्प होतो. तोही कालच खाऊन आलेला असतो.

आता भरताचाच विषय निघाला आहे तर त्याचा सोक्षमोक्ष लावू. कारण गंमत अशी की हा आरोप अगदीच हवेतला नाही. काडी, लाकूड, कोळसा असं काहीही अर्धवट जळलं की धुरात बेन्झोपायरिन नावाचं संयुग तयार होतं. 1775मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकानं धुराडी साफ करणाऱ्या पोरांमध्ये पुढे वृषणाच्या पिशवीचा कॅन्सर होतो हे लिहून ठेवलं आणि काजळीकडे बोट दाखवलं. काजळीत नेमकं काय, हे कळायला दीडशेहून अधिक वर्षं गेली. 1933मध्ये डांबरातून हेच बेन्झोपायरिन वेगळं करण्यात आलं. तंबाखूच्या धुरातही ते असतं. पेशीत शिरून ते डीएनएला चिकटतं, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये पी-53 या राखणदार जनुकात जिथे बिघाड सापडतात, नेमक्या त्याच जागा ते पकडतं, हे 1996मध्ये दिसून आलं.

म्हणजे भरीत सोडायचं का? नाही. प्रश्न मात्रेचा आहे. धुराडी साफ करणारी पोरं वर्षानुवर्षं काजळीत माखलेली असत आणि अंघोळीची पंचाईत असे. विडी ओढणारा तो धूर दिवसातून कितीतरी वेळा थेट फुप्फुसात घेतो. वांग्याची करपलेली साल आपण सोलून टाकतो आणि आतला गर खातो. फ्रान्समधल्या लिआँ शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे, ती अशा पदार्थांची गटवारी करते. त्या याद्या मोबाइलवरच्या फिरत्या निरोपांतून आपल्यापर्यंत येतात आणि घोटाळा होतो. पहिल्या गटात तंबाखू आहे, सुपारी आहे, दारू आहे आणि सूर्यप्रकाशही आहे. खानदेशात 45 अंशांत शेतात राबणाऱ्यानं काय करायचं? गट सांगतो तो पुरावा किती पक्का आहे ते. धोका किती मोठा, हे गटावरून कळत नाही. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन बरंचसं ऊन अडवतं, त्यामुळे आपल्याकडे त्वचेचा कॅन्सर तसा कमी. मोबाइलच्या लहरी 2011पासून 'कदाचित' म्हणायच्या गटात आहेत. आणि 65 अंशांहून गरम पेयं 2016मध्ये 'बहुधा' म्हणायच्या गटात गेली, अन्ननलिकेच्या कॅन्सरमुळे. तेव्हा टपरीवरच्या चहाला जरा फुंकर घातलेली बरी. भरताचं नाव कुठल्याच गटात नाही.

यादी कितीही वाचली तरी 'मलाच का' याचं उत्तर तिच्यात सापडत नाही. त्याचं कारण पेशीच्या कामात आहे. पेशी दुभंगताना डीएनएची सुमारे सहा अब्ज अक्षरं नव्यानं उतरवून काढते. उतरवताना थोड्या चुका राहतातच. निरोगी मूळपेशीतही दर विभागणीला साधारण तीन. बहुतेक चुका अशा जागी पडतात की काही बिघडत नाही. क्वचित एखादी नको तिथे पडते, मग आणखी एक, मग आणखी एक. अमेरिकेतल्या ख्रिस्तियन टोमासेटी आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी 2017मध्ये 32 प्रकारच्या कॅन्सरचा हिशेब मांडला, तेव्हा त्यातल्या बदलांपैकी 66 टक्के अशा उतरवण्यातल्या चुकांचे, 29 टक्के बाहेरच्या कारणांचे आणि 5 टक्के वारशानं आलेले निघाले. वर्तमानपत्रांनी 'कॅन्सर म्हणजे नशीब' असे मथळे दिले. ते घाईचं होतं. हे आकडे बदलांचे आहेत, रोग्यांचे नाहीत. एका कॅन्सरला अनेक बदल लागतात, त्यातला तंबाखूनं आणलेला एक टळला तरी रोग टळू शकतो. शिवाय फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हेच प्रमाण उलटं होतं, तिथे 65 टक्के बदल बाहेरून आलेले. रोज एक पाकीट याप्रमाणे वर्षभर सिगारेट ओढली तर फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी दीडशे बदल पडतात, असा 2016मधला अंदाज आहे.

काही कारणं डीएनएवर आपला ठसा सोडतात, तंबाखूचा धूर सोडतो, ऊन सोडतं. पण शेकडो-हजारो बदलांच्या त्या गर्दीतला कोणता बदल निर्णायक ठरला आणि तो कोणत्या दिवशी पडला, हे एका माणसापुरतं सांगता येत नाही. विज्ञान गावाबद्दल बोलू शकतं: तंबाखू खाणाऱ्या हजारांत तोंडाचे कॅन्सर जास्त. त्या हजारातला अमुक भाऊच का, इथे ते थांबतं. रोग्याला मात्र नेमकं तिथूनच पुढचं हवं असतं. मला वाटतं ही मोकळी जागा विनोद भरून काढतो. भरताला दोष देणारा माणूस उत्तर देतो, पण ते खरं असल्याचा आव आणत नाही. एका परीनं तो फिरत्या निरोपांपेक्षा शास्त्राच्या जास्त जवळ असतो.

हसू का येतं यावर पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरन यांनी 2010मध्ये एक साधी कल्पना मांडली. काहीतरी बिनसलेलं, धोक्याचं समोर असतं, आणि त्याच क्षणी ते निरुपद्रवीही वाटतं, तेव्हा माणूस हसतो. नुसता धोका असला तर भीती वाटते. मोठं संकट हसण्याजोगं व्हायला अंतर लागतं, हेही पुढच्या कामात दिसलं. रोगी ते अंतर स्वतः ठरवतो. म्हणून तोच विनोद भाच्यानं केला तर वॉर्डात शांतता पसरते.

यावरून 'हसा, बरे व्हाल' असं कुणी सांगू लागलं तर मात्र हात जोडावेत. डोक्या-मानेच्या कॅन्सरचे 1,093 रोगी घेऊन केलेला एक अभ्यास 2007मध्ये प्रसिद्ध झाला. मन प्रसन्न असलेले जास्त जगले का, हे त्यात पाहिलं होतं. काहीही फरक नव्हता. चारचौघांत मनमोकळं हसल्यावर दुखणं थोडं जास्त सोसवतं, असं रॉबिन डनबार यांच्या प्रयोगांत आढळलं आहे. तेवढं पुरे. नाहीतर गाठ वाढली की 'तुम्ही हसलाच नाहीत' हा आणखी एक आरोप रोग्याच्या गळ्यात.

सगळ्याच कॅन्सरांवर असे विनोद होत नाहीत. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर घ्या. इतर बऱ्याच कॅन्सरांपेक्षा त्याचं कारण कितीतरी स्पष्ट आहे: एचपीव्ही हा विषाणू. ते शोधून काढणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008मध्ये नोबेल मिळालं, त्यावर लस आहे, पुण्यात तयार झालेलीही. पण हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. बऱ्याचदा तो नवऱ्याकडून आलेला असतो आणि लाज बाईच्या वाट्याला जाते. 'ताण बाकड्यावर बसलेत' म्हणणारी बाई इथे गप्प होते. कारण अज्ञात असतं तेव्हा त्याच्याशी खेळता येतं; कारणाला शरम चिकटली की तोंड मिटतं.

तंबाखूवाले मध्येच कुठेतरी असतात. जबडा दोन बोटांपलीकडे उघडत नाही (सुपारीनं तोंडातलं आवरण ताठ होतं त्याचा हा परिणाम) आणि तरी सांगतात, "उधारीवर खाल्ली होती, व्याजासकट वसूल केली." राज्यात गुटख्यावर 2012पासून बंदी आहे, हाही त्यांच्यासाठी एक विनोदच. रॉनी जॅनॉफ-बुलमन यांनी 1979मध्ये स्वतःला दोष देण्याचे दोन प्रकार वेगळे केले होते. 'मी वाईट माणूस' म्हणणारा खचतो, 'मी वाईट सवय धरली' म्हणणाऱ्याच्या हातात काहीतरी उरतं. उधारीचा विनोद दुसऱ्या प्रकारचा आहे, आणि तो ऐकल्यावर डॉक्टरनं नुसतं हसून पुढच्या खाटेकडे जाऊ नये. निदानानंतरही विडी-सिगारेट चालू राहिली तर दुसरा नवा कॅन्सर उद्भवण्याचा धोका वाढतो. सवय सोडवायचं बोलणं त्याच वेळी निघालं तर ते उपदेशासारखं लागत नाही.

बायकांच्या बाबतीत तर आधी प्रश्नच नीट विचारावा लागतो. "मावशी, तंबाखू खाता?" "नाही हो." "मिशरी?" "ती लावते, खात कुठे?" भाजलेली तंबाखूच ती, पण मावशींच्या हिशेबात ती दातांचं औषध. सरळ "दात कशानं घासता?" असं विचारलं की पदराच्या गाठीतून डबी निघते, आणि डॉक्टरांनाही चिमूटभर देऊ केली जाते.