दात काढल्यानंतरच्या जखमेसाठी वनस्पतींचे अर्क

दात काढल्यावर जबड्याच्या हाडात उरणारी खोबण विनातक्रार भरून यावी, यासाठी काही वनस्पतींचे अर्क किंवा त्यांतून वेगळे केलेले घटक जेल, गुळण्यांचे द्रव, पट्टी अथवा स्पंज या रूपांत वापरले जातात. खोबणीत प्रथम रक्ताची गुठळी बसते, सुमारे आठवड्याभरात तिच्या जागी नव्या रक्तवाहिन्यांचे मऊ ऊतक वाढू लागते आणि हाड भरण्यास मात्र कित्येक महिने लागतात. गुठळी अकाली विरघळली, तर हाड उघडे पडून काही दिवसांतच तीव्र ठणका सुरू होतो. ‘ड्राय सॉकेट’ नावाची ही गुंतागुंत खालच्या अक्कलदाढेनंतर अधिक आढळते. त्यामुळे कोणत्याही अर्काबाबत पहिला प्रश्न तो गुठळीला धक्का लावतो का, हाच असायला हवा.

लवंगेच्या तेलातील युजेनॉल या बाबतीत सर्वाधिक परिचित आहे. ड्राय सॉकेटमध्ये भरायच्या औषधी पट्टीत ते घालतात व त्याने ठणका लवकर शमतो. परंतु अधिक तीव्रतेत ते पेशींना मारक ठरते आणि जखम भरण्याचा वेग उलट कमी करू शकते. त्याला वेदनाशामक म्हणावे, व्रणरोपक नव्हे. घरी कापसाच्या बोळ्यावर निव्वळ तेल घेऊन ताज्या जखमेत दाबणे म्हणूनच अयोग्य होय.

कोरफडीच्या गरातील ॲसेमॅनन या बहुशर्करेचा अभ्यास तुलनेने पद्धतशीर झाला असून, तिचे स्पंज व पट्ट्या खोबणीत ठेवून प्राण्यांवर आणि रुग्णांवरही चाचण्या झाल्या आहेत. हळदीतील कर्क्युमिन दाह कमी करते, पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने जेलमध्ये मिसळून जागेवरच लावावे लागते. मंडूकपर्णीतील एशियाटिकोसाइड कोलॅजेन या ऊतक बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या निर्मितीला चालना देते. तुर्कस्तानातील ‘अंकाफर्ड’ हे थाइम, ज्येष्ठमध, द्राक्षवेल, कुलिंजन व नेटल यांच्या अर्कांचे मिश्रण मुख्यतः रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरतात.

या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र मांडणे अवघड जाते, कारण एकाच वनस्पतीचा अर्क तिचा वापरलेला भाग, द्रावक व तीव्रता यांनुसार बदलतो आणि बऱ्याच चाचण्यांत रुग्णसंख्या लहान असते. गुळण्यांचे अर्क पहिले २४ तास टाळतात, कारण जोरदार चूळ भरल्याने गुठळी निसटू शकते. लसूण व गिंको हा वृक्ष यांच्या अर्काच्या पोटात घ्यायच्या गोळ्या रक्त गोठण्यात अडथळा आणू शकतात. त्या चालू असल्यास दात काढण्यापूर्वीच दंतवैद्यांना सांगणे आवश्यक असते.