पयले भांडं दखाड : खानदेशातल्या आंबवण्याच्या सामानाची पार्श्वभूमी

जानेवारीत पुतण्याने पुण्याहून एक खोकं मागवलं. रावेर-यावलकडे केळीची कापणी झाली की डागी, वाकडी, व्यापाऱ्याने नाकारलेली केळी शेताच्या बांधावर पडून राहतात. त्यांचं व्हिनेगर करून पाहायचं त्याच्या मनात होतं. खोक्यातून यीस्टचं (साखरेचं अल्कोहोल करणाऱ्या सूक्ष्मजीवाचं) पाच ग्रॅमचं पाकीट, द्रवातली साखर मोजायचा काचेचा हायड्रोमीटर, बरणीच्या बुचात बसवायची वळणदार नळी आणि भांडी निर्जंतुक करायची पावडर निघाली. तळाशी पन्नास ग्रॅम पांढऱ्या दाण्यांची एक पुडी होती. तिच्यावर लिहिलं होतं 'यीस्ट न्यूट्रिएंट', आणि खाली बारीक अक्षरात 'डायअमोनियम फॉस्फेट'. पुतण्या म्हणाला, "काका, हे तर डीएपी!" कापसाला आणि केळीला पोत्यांनी टाकतो तेच, फक्त खाण्यासाठी शुद्ध केलेलं. (खताच्या पोत्यातलं डीएपी अन्नात कधीही घालू नये, हे त्याला तिथल्या तिथे बजावलं.)

मला मात्र आजोबांच्या दुकानातला नवसागराचा डबा आठवला.

चोपड्याला आमचं किराणा दुकान होतं. वरच्या फळीवर, लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी तो डबा असायचा. कल्हईवाल्याला नवसागर लागतोच. तापलेल्या पितळेवर नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर निघतो, भांडं स्वच्छ होतं आणि कथील पसरतं. पण आठवडे बाजाराच्या दिवशी कुणी अनोळखी माणूस हळूच विचारायचा, "नवसागर शे का, शेठ?" आजोबांचं उत्तर ठरलेलं असे, "पयले भांडं दखाड." कल्हईचं भांडं दाखवलं तर नवसागर मिळे, नाहीतर नाही. नवसागर आणि काळा गूळ एकाच माणसाने मागितला, तर तो माल कुठे जाणार हे दुकानदाराला कळत असे, आणि ते एक्साइजच्या माणसांनाही कळत असे.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. हातभट्टीवाले तो गुळाच्या रसायनात, म्हणजे आंबवायला ठेवलेल्या गुळाच्या पाण्यात टाकत, कारण गुळात साखर भरपूर असली तरी यीस्टला वाढायला लागणारा नायट्रोजन कमी असतो, आणि अमोनियातून तो मिळतो. पुतण्याच्या पुडीतलं डायअमोनियम फॉस्फेटही तेच काम करतं. एका वस्तूसाठी माणसाला भांडं दाखवावं लागलं, दुसरी कुरियरने दारात आली. हा फरक कसा पडला हे समजून घ्यायचं, तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवात मोहापासून. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्यापासून चोपडा-यावलच्या वरच्या पाड्यांपर्यंत, फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची फुलं गळतात. बायका-पोरं उजाडायच्या आत झाडाखाली असतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून किंवा जाळून जागा मोकळी केलेली असते, म्हणजे फिकट पिवळी, रसाळ फुलं मातीवर स्वच्छ दिसतात. वाळवल्यावर ती मनुक्यासारखी तपकिरी होतात आणि त्यांच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग साखरच असतो. भिल्ल आणि पावरा घरांत ती आधी अन्न आहेत, मग दारू. भाकरीत घालतात, भाजून खातात, दुष्काळात पोटाला आधार म्हणून साठवतात. लग्नात, मयतात आणि देवाला धार घालताना दारू लागते, तीही याच फुलांची. ह्या दारूला बाहेरून यीस्ट आणावं लागत नव्हतं, कारण फुलाच्या अंगावरचं रानटी यीस्टच पाण्यात उतरून काम करायचं. म्हणजे साखर, यीस्ट आणि चव हे सगळं एकाच झाडाखाली मिळायचं, आणि त्याला पैसा पडत नव्हता. सरकारला नेमकी हीच गोष्ट खटकली.

१८७८ साली मुंबई अबकारी कायदा आला. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ मध्ये झाले. ह्या कायद्याने दारू गाळणं आणि विकणं परवान्याखाली आणलं. घरी गाळलेली दारू हा गुन्हा झाला आणि मक्तेदाराच्या दुकानातली दारू कायदेशीर ठरली. दारूबंदी हा त्यामागचा हेतू नव्हता, हेतू महसुलाचा होता. माणूस पितोच आहे, तर त्याने कर भरलेली दारू प्यावी, असा तो विचार. पुढे १८९२ मध्ये मुंबई इलाख्यात मोहफुलांचा स्वतंत्र कायदा झाला. तो ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी होता, खानदेशासाठी नव्हता. तरी इथल्या गोष्टीत त्याला जागा आहे, कारण त्याने दारूच्या आधी दारूच्या कच्च्या मालाला हात घातला. मोहाचं फूल घरात किती ठेवायचं हे सरकार सांगू लागलं. ज्या फुलाची भाकरी होते त्यावर संशय ठेवायचा हा पायंडा तिथून पडला, आणि तो चुकीचा होता असं माझं स्पष्ट मत आहे.

पण एवढंच सांगून थांबलं तर आदिवासींवर अन्याय होईल, कारण दारू सोडायची सर्वांत जोरकस हाक त्यांच्यातूनच उठली. १९२२ मध्ये दक्षिण गुजरातेत, खानदेशाला लागून असलेल्या आदिवासी पट्ट्यात देवीची चळवळ पेटली. देवी अंगात येऊन सांगू लागली की दारू-ताडी सोडा, अंघोळ करा, मक्तेदार-सावकाराच्या जाळ्यातून सुटा. पुढे १९३८च्या सुमारास तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज ह्यांनी 'आप'ची शिकवण दिली. आरतीला हजारो भिल्ल जमू लागले, एकमेकांना भेटल्यावर 'आप की जय' म्हणू लागले, आणि कितीतरी घरांतून दारू गेली. ह्या लोकांना दारूच्या मागे उभा असलेला दुकानदार दिसला होता. घरी फुलं असून रोख पैसे मोजून दुकानातून प्यायची, त्यासाठी कर्ज काढायचं आणि कर्जापायी जमीन घालवायची, ही साखळी त्यांनी स्वतः तोडायला घेतली.

खानदेशातल्याच फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये झालं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. दारूबंदी हा गांधीजींच्या विधायक कार्यक्रमाचा भागच होता. १९३७ मध्ये आलेल्या बाळासाहेब खेर ह्यांच्या मंत्रिमंडळाने तिच्याकडे पावलं टाकली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. आज आपण ज्याला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतो तो हाच. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधं आणि प्रसाधनांसारख्या बाबतीतली काही तरतूद रद्द केली, पण मूळ सांगाडा टिकला.

ऑनलाइन सामान मागवणाऱ्याने ह्या कायद्याची दोन कलमं शांतपणे वाचावीत. कलम १२ म्हणतं की मद्य तयार करायचं नाही. किती, कुणासाठी, विकायला की घरी प्यायला, असा भेद त्यात नाही. कलम १३ त्याच्याही पुढे जातं. मद्य तयार करण्यासाठी लागणारं कुठलंही साहित्य, भट्टी, भांडी, अवजारं किंवा उपकरणं वापरणं किंवा जवळ बाळगणं, ह्यालाही त्यात मनाई आहे. परवाना असेल तर गोष्ट वेगळी. आणि मद्य म्हणजे नुसती गाळलेली दारू नव्हे. बिअर, वाइन, ताडी, अल्कोहोल असलेला प्रत्येक द्रव त्या व्याख्येत येतो. म्हणजे यीस्टचं पाकीट विकत घेणं हा गुन्हा नाही, कारण त्याच यीस्टने पाव फुगतो. पण ते पाकीट, माल्ट (मोड आणून वाळवलेला सातू), हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि नळी लावलेली बरणी 'बिअर करायची' म्हणून एकत्र ठेवली, तर कायद्याच्या भाषेत ते साहित्य होतं. "घरच्यापुरतं चालतं" असं जे सर्रास ऐकू येतं, त्याला महाराष्ट्रात आधार नाही.

मग "चालतं" हा समज आला कुठून? तो बाहेरदेशी कायद्यातून आला. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बिअर करायला परवाना लागायचा, तो १९६३ मध्ये काढून टाकला. पुढच्या दशकात तिथल्या औषधांच्या दुकानांतून माल्टच्या अर्काचे डबे मिळू लागले. अमेरिकेत १९२० ते १९३३ ही दारूबंदीची वर्षं. त्या काळातही माल्टच्या पाकाचे डबे किराणा दुकानात उघड विकले जात आणि ते पावात फार जातात असं कुणी मानत नव्हतं. दारूबंदी उठल्यावर घरच्या वाइनला मोकळीक मिळाली, पण घरची बिअर बेकायदा राहिली, ती थेट १९७८ मध्ये जिमी कार्टर ह्यांनी सही करेपर्यंत. त्या कायद्याने घरातल्या एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन, म्हणजे साधारण ३७८ लिटर, बिअर करायची मुभा दिली. गाळायची मुभा दिली नाही, ती आजही नाही. त्याच डिसेंबरात कोलोरॅडोत घरगुती बिअरवाल्यांची संघटना निघाली. टपालाने सामान पाठवणारी दुकानं वाढली आणि इंटरनेट आल्यावर तीच संकेतस्थळं झाली. आज आपण ज्या कृती वाचतो आणि ज्या मापांनी सामान मागवतो, ते सगळं त्या कायद्याच्या पोटातून आलेलं आहे. कृती कुरियरने येते, तिच्यासोबतचा कायदा येत नाही.

पाकिटातलं यीस्टही एका शोधामुळे शक्य झालं. आंबण्याचं काम जिवंत सूक्ष्मजीव करतात हे पाश्चरने १८५० च्या दशकाअखेर दाखवलं आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट वेगळं काढलं. पूर्वी प्रत्येक घागर आपल्या नशिबाने आंबायची. आता साडेअकरा ग्रॅमच्या पाकिटातून दर वेळी तोच स्वभाव मिळतो.

भारतात सुट्या सामानाचा बाजार अलीकडचा. २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि नाशिककडे वाइनचे कारखाने वाढले. २००९ मध्ये पुण्यात राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर करून विकणारा छोटा कारखाना, सुरू झाली. अशा छोट्या ब्रुअरींना माल्टची पोती लागली, परदेशी हॉप्स लागले, वेगवेगळी यीस्टं लागली. सातू राजस्थान-हरियाणाचा. हॉप्स थोडे हिमाचलातल्या लाहौलमध्ये होतात, बाकी जर्मनी-अमेरिकेहून येतात. पंचवीस किलोच्या पोत्यातून किलो-किलोच्या पिशव्या भरणारे विक्रेते त्याच ओघात आले. मग मार्च २०२० च्या टाळेबंदीत दारूची दुकानं बंद झाली आणि घरोघरी अननस, आलं, द्राक्षं आंबू लागली.

खानदेशातल्या ग्राहकाला एक गोष्ट कुठलाच विक्रेता सांगत नाही, ती म्हणजे ऊन. यीस्ट जिवंत असतं आणि भुसावळचा मे महिना ४५ अंशांचा. पत्र्याच्या गोदामात दोन दिवस पडलेलं पाकीट बाहेरून धडधाकट दिसतं आणि आत अर्धं मेलेलं असतं. हॉप्सचा कडवटपणाही उष्णतेने उतरतो. आणि बिअरचं नेहमीचं 'एल' जातीचं यीस्ट १८ ते २२ अंशांत खूश असतं, एवढा गारवा आपल्याकडे फक्त डिसेंबर-जानेवारीत मिळतो. पुतण्याने खोकं जानेवारीत मागवलं ते माझ्या सांगण्यावरून.

इकडे मोहाचं काय झालं? १९७३ च्या नियमांनी देशी दारूची परवानाधारक दुकानं आली, तीही साखर कारखान्यांच्या मळीतल्या स्पिरिटची. मोहाचं फूल मात्र बंधनातच राहिलं. दारूबंदी कायद्यात त्याच्यासाठी वेगळी तरतूद, त्याचे वेगळे नियम. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना गौण वनोपजाची मालकी दिली आणि दारूवर बंदी किंवा नियंत्रण आणायचा अधिकारही दिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने ती मालकी पक्की केली. तरी फुलांच्या गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध राज्याने सैल केले ते २०२१ मध्ये. पलीकडे मध्य प्रदेशात आदिवासींना घरच्यापुरती मोहाची दारू गाळायची सवलत आहे, आणि २०२२ मध्ये त्या सरकारने मोहाच्या मद्याला 'हेरिटेज' दर्जा देऊन बचतगटांना उत्पादनात आणलं. त्यातला अलिराजपूर जिल्हा म्हणजे नर्मदेपलीकडचा आपला शेजारीच. नदीच्या एका काठावर घागर वारसा आहे आणि दुसऱ्या काठावर मुद्देमाल.

विषारी दारूची भीती खरी आहे. मुंबईच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभरावर माणसं मेली, आणि ती मिथेनॉल ह्या विषारी अल्कोहोलमुळे मेली. तो औद्योगिक मिथेनॉल चोरवाटेने आलेला होता, त्यात ना मोहाचं फूल होतं ना कुणाच्या घरची बरणी. धाड मात्र पडते पाड्यावरच्या घागरीवर. पेपरात 'रसायन नष्ट' अशी ओळ येते, आणि त्या रसायनात एखाद्या बाईने चैत्रात वेचलेली फुलं असतात.

पुतण्याचं व्हिनेगरही ह्या गुंत्यातून सुटत नाही. केळीच्या गराचं आधी अल्कोहोल होतं, मग हवेतले जिवाणू त्याचं आम्ल करतात. मधल्या त्या टप्प्यात बरणीत जे असतं, ते कायद्याच्या व्याख्येत बसतं. म्हणून बुचाला नळी लावायच्या आधी तो जळगावला राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या कचेरीत जाऊन विचारून येणार आहे, आणि सोबत नेण्यासाठी अर्जात काय करायचंय, किती करायचंय, कुठल्या भांड्यात करायचंय, हे सगळं त्याने लिहिलं आहे. खोकं तोवर कपाटात आहे, पांढऱ्या दाण्यांची पुडी अजून फोडलेली नाही.